कलपाचं पाकीट वाचताना

आपल्या घरांत काही मजकूर वर्षानुवर्षं विकत आणले जातात, हाताळले जातात, फाडले जातात, पण वाचले जात नाहीत. विम्याचे कागद, मिक्सरसोबत आलेली पुस्तिका आणि कलपाचं पाकीट. यातल्या तिसऱ्यावर मी लिहिणार आहे. पुस्तकांची समीक्षा होते, सिनेमांची होते, हल्ली वेब सिरीजच्या एकेका भागाचीही होते, मग पाकिटाची व्हायला काय हरकत आहे? आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आठवडी बाजारात कवितासंग्रह मिळेलच असं नाही, कलपाचं पाकीट मात्र मिळतं.

मी पुण्यात कोड लिहितो, घर चंद्रपूरला आहे आणि वय अठ्ठावीस. पहिला पांढरा केस एकोणिसाव्या वर्षी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात दिसला. तेव्हापासून हे पाकीट माझ्या घरात आहे, म्हणजे माझ्या शेल्फवरच्या बहुतेक पुस्तकांच्या आधीपासून. या विषयावर लिहायचा माझा अधिकार एवढाच.

आधी दर्शनी बाजू. तळहाताएवढं पाकीट, किंमत तीस-पस्तीस रुपये, किराणा दुकानात शाम्पूच्या माळेशेजारी टांगलेलं. त्यावर एक माणूस हसतो आहे. पुरुषांच्या पाकिटावर पुरुष, बायकांच्या पाकिटावर बाई, आणि दोघांच्याही डोक्यावर जितके केस आहेत तितके आमच्या अख्ख्या गल्लीत नसतील. खाली रंगाचं नाव, ‘नॅचरल ब्लॅक’. एका कोपऱ्यात हिरवं पान आणि ‘अमोनिया नाही’ असं आश्वासन. हे आश्वासन बहुधा खरं असतं, पण ते कशाबद्दल आहे ते पाहिलं पाहिजे. अमोनियाचं काम केसावरची खवल्यांची साल उघडण्याचं. तो काढला की त्याच कामाला दुसरं, कमी वासाचं रसायन घालतात. रंग ज्यातून तयार होतो ते मूळ द्रव्य बहुतेक काळ्या कलपांत वेगळंच असतं. पॅरा-फेनिलीनडायअमिन त्याचं नाव, आणि त्वचारोगतज्ज्ञ त्याला पीपीडी म्हणतात. जे नाही ते पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत आणि जे आहे ते मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत, अशी या मजकुराची रचना आहे.

ही मुंगीची अक्षरं वाचायला मी फोनने फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. तुम्हीही करून पाहा. कागद पाहून जे दिसत नाही ते फोनवर दिसतं.

कलप चालतो कसा ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाकिटात दोन भाग असतात. एकात रंगहीन, अगदी लहान रेणू, आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही कालवले की लहान रेणू केसाच्या आत शिरतात, तिथे पेरॉक्साइडच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि मोठे, रंगीत होतात. मग ते बाहेर पडू शकत नाहीत. दारातून न मावणारं कपाट तुकड्यांनी आत न्यावं आणि खोलीत जोडावं, तसं. म्हणून हा रंग दोन अंघोळींत जात नाही. ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०७ मध्ये यूजीन शूलर नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने असा कलप बनवून पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. आज तिला लोरियाल म्हणतात. तिकडे सलूनमध्ये जाणकाराच्या हातून होणारं हे काम आपल्याकडे पाकिटात शिरलं आणि न्हाणीघरात, स्टीलच्या वाटीत, जुन्या टूथब्रशने होऊ लागलं.

आता मागची बाजू. इथे दोन लेखक आहेत, एक कंपनीचा आणि एक सरकारचा.

कंपनीचा लेखक आज्ञार्थी बोलतो. कालवा, लावा, अर्धा तास थांबा, धुवा. चार चित्रं, चार वाक्यं. त्याचं सगळं जग अर्ध्या तासाचं आहे. सरकारी लेखक १९४५ च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियमावलीतून आलेला आहे. त्यात कलपाच्या लेबलासाठी वेगळा नियम आहे आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांतही तो टिकून आहे. त्याचं म्हणणं असं : या मालाने काही जणांच्या त्वचेचा दाह होऊ शकतो. म्हणून आधी कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची थोडी जागा साबणाने स्वच्छ करा, तयार कलपाचा ठिपका लावा, वाळू द्या आणि चोवीस तासांनी धुवा. खाज नाही, सूज नाही, तरच डोक्याला लावा. ही चाचणी एकदाच नाही, दर वेळी करा. आणि भुवयांना, पापण्यांना हा कलप कधीही लावू नका, आंधळेपण येऊ शकतं.

आंधळेपण! हा शब्द तीस रुपयांच्या पाकिटावर छापलेला असतो आणि त्याच पाकिटातला उरलेला कलप वाया जाऊ नये म्हणून आमच्याकडे मिशीवरून ब्रश सरळ भुवईवर जातो. मी न्हाव्याच्या दुकानातही हे पाहिलंय, लग्नघरांतही पाहिलंय.

साहित्य म्हणून तुलना केली तर मला सरकारी लेखक जास्त आवडतो. त्याचं गद्य रूक्ष आहे, वाक्यं लांबट आहेत, पण त्याच्या मनात वाचकाचं शरीर आहे. कान आहे, हात आहे, उद्याचा दिवस आहे. कंपनीच्या लेखकाला फक्त केस दिसतात. गंमत म्हणजे हे दोघे एकाच चौकोनात राहतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. एक म्हणतो अर्ध्या तासात तयार व्हा, दुसरा म्हणतो उद्यापर्यंत थांबा. त्वचारोगतज्ज्ञ तर बऱ्याचदा अठ्ठेचाळीस तास थांबायला सांगतात, कारण पीपीडीची ॲलर्जी आळशी असते. लगेच दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर येते. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांची संघटना दरवर्षी एका पदार्थाला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ म्हणून निवडते. २००६ चा मान पीपीडीला मिळाला. पुरस्कारप्राप्त लेखकाचा फोटो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असतो, इथे तेवढं जमलेलं नाही.

आता माझा खरा मुद्दा. प्रत्येक मजकुराच्या पोटात एक गृहीत वाचक असतो. बालकथा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुठलं तरी मूल असतं, तसा. कलपाच्या पाकिटाचा गृहीत वाचक पन्नाशीचा आहे. त्याचे केस वेळेवर पिकले आहेत आणि त्याला काही वर्षं मागे सरकायचंय. जाहिरातीची गोष्टही बहुतेक वेळा हीच असते : कुणीतरी काका किंवा आंटी म्हणतं, चेहरा पडतो, पाकीट येतं, केस काळे होतात आणि तेच कुणीतरी ओळखत नाही. वय लपवण्याची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा असताना माझ्याकडे लपवायला वय नव्हतं. जे माझं नव्हतंच असं एक वय लोक माझ्या डोक्यावर वाचत होते आणि ते मला पुसायचं होतं. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एकीत माणूस खोटं सांगतो, दुसरीत चुकीचं वाचन दुरुस्त करतो. पाकिटाला, जाहिरातीला आणि खरं तर आपल्या भाषेलाच फक्त पहिली क्रिया ठाऊक आहे.

भाषेकडे पाहू. मराठीत केस पिकतात, आंब्यासारखे आणि धानासारखे. पिकणं म्हणजे वेळ पूर्ण होणं. ‘माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत’ असं म्हणणारा आजोबा अनुभवाची पावती दाखवत असतो. एखाद्या कामात काळ्याचे पांढरे होतात ते आयुष्य गेलं म्हणून. आमच्या कॉलेजात मित्र एवढंच म्हणायचे, “काय बे, बुढा झाला का?” त्यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता, म्हणून त्यांचा राग येत नाही. आणि प्रमाण मराठीने दिलेला शब्द कोणता, तर ‘अकाली’. हा शब्द आपण कुठे कुठे वापरतो आठवा. अकाली निधन, अकाली वार्धक्य. त्याचा सख्खा भाऊ ‘अवकाळी’, जो मळणीच्या वेळी येतो आणि उभं पीक झोपवतो. हातातोंडाशी आलेलं जातं तेव्हा वापरायची ही शब्दांची जोडी एका बावीस वर्षांच्या मुलीच्या भांगातल्या सात-आठ केसांना लावायची, म्हणजे अतीच झालं.

वैद्यकशास्त्रही ‘अकाली’च म्हणतं, पण ते निदान तारीख देतं. आशियाई लोकांमध्ये पंचविशीच्या आधी केस पांढरे होऊ लागले तर ते अकाली समजतात, असा ढोबळ संकेत आहे. त्या हिशेबाने माझे पंचविशीच्या आधीचे केस अकाली आणि नंतरचे वेळेवर आलेले. एकाच डोक्यात दोन विभाग. कारणांत आनुवंशिकता मोठी. २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात आयआरएफ-फोर नावाच्या जनुकाचा केस पांढरे होण्याशी संबंध सापडला. काहींच्या बाबतीत बी-ट्वेल्व्हची कमतरता किंवा थायरॉइड असतं, म्हणून एकदा रक्त तपासून घेणं शहाणपणाचं. २००९ मध्ये जर्मनी आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पांढऱ्या होणाऱ्या केसांत हायड्रोजन पेरॉक्साइड साचलेलं असतं. म्हणजे जे द्रव्य आतून पांढरं करतं तेच पाकिटातून बाहेरून काळं करायला येतं. यात काही तात्पर्य नाही, मला फक्त मजा वाटली.

जुन्या साहित्यात तर पांढऱ्या केसाला थेट दूताची नोकरी आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त दशरथाच्या कानाजवळ पिकलेला केस येतो आणि जणू म्हातारपणच कानात सांगतं की आता रामाला राज्य दे. मखादेव जातकात राजाने न्हाव्याला सांगून ठेवलेलं असतं, पहिला पांढरा केस दिसला की मला दाखव. तो दिसतो, न्हावी सोन्याच्या चिमट्याने उपटून राजाच्या हातावर ठेवतो आणि राजा सिंहासन सोडून वनात जातो. तेव्हा त्याचं चौऱ्याऐंशी हजार वर्षांचं आयुष्य बाकी असतं! एवढी मुदत शिल्लक असताना नोटीस स्वीकारणारा माणूस मला थोर वाटतो, पण इंजिनिअर म्हणून वाटतं की हा अलर्ट फारच लवकर वाजला. मराठीत यायचं तर गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’, १८९९ चं. पैशाच्या जोरावर कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघालेला म्हातारा भुजंगनाथ, आणि त्याच्या म्हातारपणाची खिल्ली उडवणारं ते प्रसिद्ध पद. दात, कान, डोळे, कंबर यांच्या यादीत रुपेरी केसही येतात. देवलांचा नेम बरोबर होता, त्या नाटकाने जे केलं ते करायलाच हवं होतं. पण यादी तयार झाली ती झाली. रुपेरी केसाचा नवरा म्हणजे फसवणूक, हे समीकरण आपण नाटकातून घेऊन घरी आलो.

आणि नाटकाचा विषय निघाला की आमच्याकडे झाडीपट्टी टाळता येत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर, पीक हाताशी आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई असो की शंकरपट, रात्री नाटक असणारच. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं मुख्य गाव. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. माझं आजोळ त्याच बाजूला आहे, त्यामुळे थंडीत चादर गुंडाळून रात्रभर नाटक पाहणं ही माझी पहिली रंगभूमी.

तिथे पांढरा केस म्हणजे सगळ्यात स्वस्त घड्याळ. पहिल्या अंकात तरुण असलेला भाऊ पडदा उघडतो तेव्हा कानशिलावर पांढऱ्या रंगाचे दोन फटकारे घेऊन येतो आणि शेवटच्या रांगेतल्या बाईलाही कळतं की वीस वर्षं गेली. संवाद लागत नाही, पाटी लागत नाही. रंगभूमी म्हणून हे उत्तमच आहे. हजारभर माणसं, उघडं मैदान, पहाटेपर्यंत चालणारा खेळ. तिथे खूण लांबून दिसली पाहिजे. माझी तक्रार नटाशी किंवा रंगभूषाकाराशी नाही. पण त्याच मैदानात, तिसऱ्या रांगेत, खरेच कानशिलावर पांढरे घेऊन बसलेला चोवीस वर्षांचा पोरगा असतो आणि त्याच्या शेजारी बसलेल्यांनी ही खूण वाचायला इथेच शिकलेलं असतं. मला असा एक प्रवेश पाहायचाय ज्यात तरुण नायकाचे केस पांढरे आहेत आणि नाटकात त्याचं काहीच होत नाही. टकलाला हिंदी सिनेमाने २०१९ मध्ये एकाच महिन्यात दोन नायक दिले, ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’. आमची पाळी कधी येते बघू. मिलिंद सोमणचं उदाहरण लोक लगेच देतात. त्याच्या केसांना ‘सॉल्ट अँड पेपर’ म्हणतात कारण त्याचं वय आणि केस जुळतात. सव्विसाव्या वर्षी तेच केस कुणी मीठ-मिरी म्हणत नाही. आणि मुलींना तर कुठल्याच वयात तसं म्हणत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझ्या पिढीतले लोक न्हाणीघराची कडी लावून कलप लावतात. त्यात शरमेपेक्षा सोय जास्त आहे, असं माझं मत. पण इथे एक दुसरा मजकूर मध्ये येतो, तो म्हणजे ‘काळी मेंदी’.

घरात कुणी पाकीट पाहिलं की मावशी-काकू सांगतात, “केमिकल कायले लावतोस, मेंदी लाव.” हेतू चांगला, माहिती अर्धी. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं आणि त्याचा रंग नारिंगी-तांबडा. नुसती मेंदी कोणाचेही केस काळेभोर करू शकत नाही. मेंदीनंतर निळीची, म्हणजे नीळ ज्या झाडापासून होते त्याच्या पानांची पूड लावली तर गडद काळपट रंग येतो, त्याला दोन खेपा आणि काही तास लागतात. तेव्हा ‘मेंदी’ असं लिहिलेली पूड पाण्यात कालवून अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करत असेल, तर आत बहुधा तेच पीपीडी आहे, हिरव्या पानाच्या चित्रामागे लपलेलं. जत्रेत हातावर जी काळी ‘मेंदी’ काढून देतात तिच्यातही बऱ्याचदा तेच असतं, आणि तिथून एकदा ॲलर्जी बसली की पुढे कलप लावताना ती डोकं वर काढते. पाकिटाच्या मजकुरातली सगळ्यात मोठी लबाडी मला या एका शब्दात दिसते. ‘केमिकल’ म्हणून विकलेला कलप निदान मागच्या बाजूला इशारा देतो. ‘मेंदी’ म्हणून आणलेल्या पुडीची मागची बाजू पाहावी असं कुणाला वाटतच नाही.

जंगलाकडे काळा रंग नाही असं मात्र नाही. गडचिरोलीच्या जंगलातून हिरडा, बेहडा, आवळा पोत्यांनी बाहेर जातो. यांच्या तुरटपणात टॅनिन असतं आणि टॅनिनला लोह भेटलं की काळं पडतं. आजीने आवळा लोखंडी कढईत भिजवला की पाणी काळं व्हायचं ते यामुळेच. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई करायची जुनी पद्धतही हीच. केसांचा कलप आणि लिहायची शाई एकाच घरच्या निघाल्या, याचा एका साहित्यविषयक वेबझिनच्या वाचकांना आनंद व्हायला हरकत नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर कढईतल्या आवळ्याने पांढरा केस काळा होत नाही. करडा-तपकिरी होतो, उशीवर उतरतो आणि पुन्हा पुन्हा लावावा लागतो. लोहखनिजाचे डोंगर, हिरडा आणि आवळा हे सगळं एकाच जिल्ह्यात असूनही पाकीट बाहेरूनच येतं.

हा सगळा ऊहापोह मी करतोय त्याला कारण आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलाचं, वय पंचवीस, ‘बघण्याचा कार्यक्रम’ ठरला होता. दोन दिवस आधी त्याने कलप लावला, त्याआधी सहा-सात वर्षं तो लावतच होता. दुसऱ्या दिवशी कपाळाला खाज आली, तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या टोमॅटोसारख्या सुजल्या होत्या. डॉक्टरने औषधं दिली, आठवड्यात उतरलं, आणि सांगितलं की आता आयुष्यभर हे द्रव्य तुला चालणार नाही. घरच्यांचा पहिला प्रश्न होता, “पण याआधी तर काही झालं नव्हतं?” पाकिटावरच्या ‘दर वेळी’ या दोन शब्दांचं उत्तर तिथे होतं. ॲलर्जी पहिल्या वापराला यावी असा नियम नाही. ती पाचव्या वर्षी येते, दहाव्या वर्षी येते. शरीर मोजत असतं.

त्या स्थळाचा बायोडेटा मी वाचला होता. उंची, वर्ण, शिक्षण, पॅकेज, गोत्र, मामाचं कूळ. विदर्भात सिकलसेल किती आहे ते आपल्याला माहीत आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. त्या दोन पानांत सिकलसेलच्या तपासणीची ओळ नव्हती. फोटोत केस मात्र काळेभोर होते. रक्तातलं न विचारता केसांतलं बघणारी ही जी वाचनपद्धती आहे, तिच्यापुढे पाकीट बिचारं काय करणार.

तरीही पाकिटाला सूट देता येत नाही, कारण एक गणित त्यावर छापलेलं नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुळाशी पांढरी रेघ दिसते आणि कलप पुन्हा लावावा लागतो. चार आठवड्यांनी एकदा धरलं तर वर्षाला तेरा वेळा. पन्नाशीत सुरू करून साठीत सोडून देणारा माणूस एकशे तीस वेळा लावेल. विशीत सुरू करणारा साठीपर्यंत पाचशे वीस वेळा. सरकारी लेखकाची ‘दर वेळी’ची सूचना पाळायची तर पाचशे वीस चाचण्या. दोघांच्या हातात तेच पाकीट, तीच चार चित्रं. युरोपीय संघात कलपाच्या वेष्टनावर हा माल सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही असं छापावं लागतं. म्हणजे तिथे निदान कुणीतरी लहान वाचकाची कल्पना करून पाहिली आहे.

सूचनेच्या भाषेचंही तसंच. नियम म्हणतो इंग्रजी आणि स्थानिक भाषांत छापा. स्थानिक म्हणजे कुठली? सिरोंच्यात तेलुगू, भामरागड-एटापल्लीत माडिया, मुलचेऱ्याकडे बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि मधे सगळीकडे झाडीबोली आणि गोंडी. माझ्यासमोरच्या पाकिटावर यातली एकही भाषा शोधून सापडली नाही. हिंदी आणि इंग्रजी होती. माडियात ‘कानामागे ठिपका लाव आणि उद्या बघ’ हे सांगायला फार जागा लागणार नाही. चित्र काढलं तर भाषाही लागणार नाही. कंपनीच्या चार चित्रांच्या आधी पाचवं, कानाचं आणि सूर्योदयाचं. आमच्या कामात याला वापरणाऱ्याचा प्रवास म्हणतात, आणि ज्या पायरीला चित्र नाही ती पायरी वापरणारा गाळतो, हे पहिल्या वर्षाच्या इंटर्नलाही ठाऊक असतं.

आणि शेवटचा बग, जो मला तिसऱ्यांदा वाचताना सापडला. चाचणीसाठी तयार कलप लागतो, म्हणजे दोन्ही भाग उघडून कालवलेला. तेच पाकीट सांगतं की उघडल्यावर लगेच वापरा आणि उरलेलं मिश्रण साठवू नका. मग आज ठिपका लावून उद्या डोक्याला लावायचं कसं? एकदाच वापरायच्या पाकिटावर एक दिवस आधीची चाचणी छापली आहे. दोन्ही लेखकांचं म्हणणं एका वेळी पाळायचं असेल तर दुसरं पाकीट विकत घ्यावं लागतं, आणि हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही.

मी दोन घेतो. शुक्रवारी रात्री एकातला ठिपका कानामागे, रविवारी सकाळी दुसरं. चंद्रपूरला गेलो की नेहमीच्या दुकानात साठ रुपये ठेवतो. दुकानदार माझ्या डोक्याकडे बघतो, पाकिटांकडे बघतो आणि म्हणतो, “दोन कायले भाऊ, एकात होऊन जाते न तुमचं.”